वारुळावरची छतरी

झरी हे आमचे सासर. परभणीहून जिंतूरला जाताना रस्त्यावर लागणारे गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, आणि पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावे लागते इतका चिखल. आम्ही दोघी जावा. थोरली परभणी शहरातली. भाजी म्हणजे बाजारातून पिशवीत येते ती, एवढेच तिला लग्नापर्यंत ठाऊक. धाकटी यवतमाळकडची. तिच्या माहेरी पावसाने जोर धरला की बाया रस्त्याच्या कडेला टेकोडे मांडून बसतात आणि लोक मटणासारखा भाव देऊन ते घेतात. टेकोडे म्हणजे रानात आपोआप उगवणारी अळिंबी, ज्याला मुले आता मशरूम म्हणतात. गोंदिया-गडचिरोलीकडे तिला सात्या म्हणतात, कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथे ती नुसती ‘छतरी’. गावात मात्र सगळ्यांना सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून लोक मोकळे होतात.

दर पावसाळ्यात नात्यातल्या बायका आम्हाला विचारतात, “तुमच्याकडे छतरीचे सालन करतात म्हणे, कसे करता?” कृती खाली दिली आहेच. पण आमच्या घरी एकदा काय झाले, ते वाचल्याशिवाय कृपा करून कोणी कढई चुलीवर ठेवू नये.

धाकटीचा लग्नानंतरचा पहिलाच पावसाळा. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडले आणि गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेला पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचे रिंगणच उगवले. एकेक छत्री बशीएवढी. धाकटीला माहेर आठवले. अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, हटकले तेव्हा ती म्हणाली, “बचपन से खाते आये अम्मी, कुछ नहीं होता.” तिने टोपलीभर छत्र्या आणल्या, धुतल्या, चिरल्या, लसणाची फोडणी देऊन सालन केले. वास असा सुटला की शेजारून वाटी आली असती. नशीब, आली नाही.

जोहरच्या नमाजनंतर सगळे जेवले. थोरलीचा त्या दिवशी राहिलेला कजा रोजा होता, म्हणून ती तेवढी सुटली. असरच्या आधीच अब्बांना उलट्या सुरू झाल्या, मग दोन मुलांना, मग धाकटीला. पोटात पीळ, घाम, जुलाब. थोरलीने शेजाऱ्यांची जीप काढायला लावली आणि सगळ्यांना परभणीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दोनच गोष्टी पुन्हापुन्हा विचारल्या. खाल्ल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला? आणि उरलेली, न शिजवलेली छतरी बरोबर आणली आहे का? आणली नव्हती. भांडे घासून ठेवले होते आणि देठ-साली त्याच उकिरड्यावर गेल्या होत्या. ‘दोन तासांच्या आत’ हे उत्तर ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा थोडा सैल पडला. तेव्हा आम्हाला त्याचे कारण कळले नाही.

तिसऱ्या दिवशी सगळे घरी आले, अल्हम्दुलिल्लाह. धाकटीला कोणी बोलले नाही. अब्बा तर म्हणाले, “सालन अच्छा बना था.” पण पुढची नऊ वर्षे आमच्या घरात छतरी शिजली नाही. बाजारात डबीत मिळणारी पांढरी बटण अळिंबीसुद्धा आली नाही.

ती उकिरड्यावरची छत्री कोणती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा समजले. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. पांढरी टोपी, तिच्यावर तपकिरी खवले, दांड्यावर बांगडीसारखे कडे. शेणखत, उकिरडा, कुजलेला पाला, शाळेचे हिरवळीचे मैदान, अशा जागी ती येते. कोवळी असताना तिच्या खालच्या बाजूच्या चुण्या पांढऱ्या असतात, म्हणून फसगत होते. जून झाल्या की त्या हिरवट पडतात. जगभर अळिंबीच्या विषबाधेची जी प्रकरणे नोंदली जातात, त्यांत हिचे नाव वारंवार येते. एक ते तीन तासांत ती उलट्या-जुलाब सुरू करते. हाल होतात, पण वेळेवर सलाईन मिळाले तर माणूस बहुधा वाचतो.

खरी जीवघेणी अळिंबी वेगळी. अमानिता नावाच्या कुळात अशा जाती आहेत की त्या खाल्ल्यावर सहा-सात तास, कधी बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरे वाटते. घरचे म्हणतात, गेले एकदाचे. आणि तेवढ्या वेळात आत यकृत निकामी होत असते. डॉक्टरांनी वेळ का विचारली, ते आता आम्हाला कळते. त्रास जितका उशिरा, तितका धोका मोठा. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानातली अळिंबी खाऊन १३ जण दगावले. ती माणसेही पिढ्यान्‌पिढ्या रानातले खाणारीच होती.

धाकटीची चूक इथेच झाली. माहेरी तिने टेकोडे खाल्ले होते, विकत आणलेले. ते कुठून काढतात, हे कधी पाहिले नव्हते. तिला ताटातली छतरी ओळखता येत होती, रानातली नव्हे.

हा फरक आम्हाला शिकवला खुरपणीला येणाऱ्या मावशींनी. पुष्य नक्षत्राचा पाऊस चालू होता. दुपारी त्या बांधावरून आल्या त्या पदराचा ओचा करूनच. ओच्यात दहा-बारा राखाडी-पांढऱ्या छत्र्या. धाकटी मागे सरकली. मावशींना जुना प्रकार ठाऊक होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भाबी, उकिरड्यावरलं खाऊ नये. चला, दावते.”

बांधावर लिंबाच्या बुडाशी वारूळ आहे. नागपंचमीला गावातल्या बायका तिथे लाह्या-दूध घेऊन येतात, त्यामुळे अब्बांनी त्याला कधी हात लावू दिला नाही. वारुळाच्या भोवती ओल्या मातीतून छत्र्या वर आल्या होत्या. काहींची अजून टोपी मिटलेली होती, भाल्याच्या टोकासारखी. मावशींनी छतरी उपटली नाही. खुरप्याने बाजूची माती हळूहळू काढत गेल्या. दांडा जमिनीखाली बारीक होत होत मुळीसारखा खाली चालला होता. वीतभर झाला, हातभर झाला, तरी संपेना. “मुळी वाळवीच्या घरात गेली तर आपली,” मावशी म्हणाल्या, “न्हाई तर कुत्र्याची.”

मावशी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी एका वाक्यात सांगितले ते विज्ञानाच्या पुस्तकात अख्खे प्रकरण आहे. या अळिंबीला टर्मिटोमायसिस म्हणतात, आणि ती वाळवीची शेती आहे. वाळवी वाळलेला पाला, काड्या, लाकूड चावून आत नेते, जमिनीखालच्या खोल्यांत त्याची स्पंजासारखी पोळी रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही, तो बुरशी मऊ करते आणि मग वाळवी ते खाते. माणसाने शेती सुरू करून दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. वाळवी आणि या बुरशीची भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. पावसाने जमीन खोलवर भिजली की ही बुरशी पोळ्यापासून दांडा वर पाठवते आणि बाहेर छतरी उघडते. म्हणून तिची मुळी इतकी लांब. आणि म्हणूनच ती कोणाला खोलीत किंवा शेडमध्ये पिकवता येत नाही. बाजारासाठी तिची लागवड अजून कोणाला साधलेली नाही. अल्लाहने ही शेती वाळवीकडेच ठेवली आहे.

मावशींनी दाखवलेल्या आणि आम्ही नंतर पडताळून पाहिलेल्या खुणा अशा. जागा वारुळाची, किंवा जमिनीत वाळवीचे घर आहे अशी. शेणावर, उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर असेल तर ही ती नव्हेच. टोपीच्या मधोमध टोक, रंग मध्यभागी गडद आणि कडेला फिका, उघडल्यावर कड जागोजागी चिरलेली. खालच्या चुण्या पांढऱ्या, नंतर किंचित गुलाबी. हिरव्या कधीच नाहीत. दांड्याच्या बुडाशी वाटी किंवा पिशवी नाही. असली तर तिथेच सोडून द्यावी, कारण ती अमानिताची खूण आहे. आणि मुळी, जी खणून पाहिल्याशिवाय दिसत नाही. यातली एक खूण जुळली म्हणून चालत नाही, सगळ्या जुळाव्या लागतात. त्याही जुळल्या तरी पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय आम्ही काही शिजवले नाही. लेख वाचून, फोनवर फोटो पाहून ओळखण्याची ही गोष्ट नव्हे, आमचा लेख वाचूनसुद्धा नव्हे.

घरोघरी ज्या चाचण्या सांगतात त्या मात्र डोक्यातून काढून टाका. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, मुंग्या-किडे लागले असतील तर चांगली, गाईने खाल्ली तर चांगली. यातले एकही खरे नाही. धाकटीच्या त्या सालनात भरपूर लसूण होता आणि तो पांढराच राहिला. उकळून पाणी टाकून दिल्यानेही अमानिताचे विष जात नाही.

एक गोष्ट आमच्या वाचकांच्या मनात येणारच, म्हणून तिच्याबद्दल लिहितो. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यात ‘कमअ’ ही मन्नपैकी असल्याचा आणि तिच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे. उर्दू तर्जुम्यांत ‘कमअ’साठी ‘खुंबी’ हा शब्द येतो आणि मग आपल्याकडे प्रत्येक छत्रीला ती हदीस जोडली जाते. अरबी कमअ छत्रीसारखी नसते. हिवाळी पावसानंतर वाळवंटात जमिनीच्या आत बटाट्यासारखी वाढणारी ती गाठ आहे. आखाती देशांत नोकरीला असलेल्या घरच्या माणसांनी बाजारात ‘फगा’ नावाने ती पाहिलीही असेल. झरीच्या बांधावरची छतरी ती नव्हे. म्हणून कोणी छतरीचे पाणी डोळ्यांत घालू नये. डोळा दुखला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. खाण्याच्या बाबतीत म्हणाल तर, जमिनीतून उगवणारी वस्तू अपाय करत नसेल तर जायज आहे, असेच आम्ही उलमांकडून ऐकत आलो आहोत. प्रश्न उरतो तो अपायाचा, आणि त्याचे उत्तर वारुळापाशी शोधावे लागते.

आपल्या देशात रानातली अळिंबी आवडीने खाणारे मुलूख पुष्कळ आहेत. झारखंडात सालाच्या झाडाखाली मातीतून ‘रुगडा’ नावाच्या गोट्यांएवढ्या अळिंब्या निघतात आणि मटणाच्या मसाल्यात शिजतात. राजस्थानच्या कोरड्या भागात पावसाळ्यात ‘खुंबी’ विकायला येते, टोपी न उघडणारी, लांबट. काश्मीरची गुच्छी तर हजारोंच्या भावाने किलोवर जाते आणि लग्नाच्या पुलावात पडते. पण यातली प्रत्येक त्या त्या मुलखातल्या माणसांनी ओळखलेली आहे. रुगडा पाहून आला म्हणून झरीत कोणी मातीतली गोटी उचलून खाऊ नये. यवतमाळचे शहाणपण झरीच्या उकिरड्यावर चालले नाही, हे आम्ही भोगले आहे.

आता सालन. सहा माणसांना अर्धा किलो छतरी पुरते. मिटलेल्या किंवा नुकत्याच उघडलेल्या छत्र्या घ्याव्यात. पूर्ण पसरलेल्या चवीला पाणचट लागतात आणि त्यांत अळ्या असतात. मुळीचा मातीचा भाग कापून टाकावा, दांडा सुरीने खरवडावा, टोपी ओल्या फडक्याने पुसावी. मग मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात एकदा बुडवून लगेच काढावी. पाण्यात भिजत ठेवली तर ती पाणी पिते आणि सालनात ते सगळे परत देते. सुरीने चिरू नये. दांडा हातानेच उभा फाडावा, उकडलेल्या कोंबडीचे मांस सुटते तसे धागे निघतात.

दोन मोठे कांदे सालीसकट विस्तवावर भाजून घ्यावेत. तीन चमचे सुके खोबरे, एक चमचा तीळ कोरडे भाजावेत. बारा पाकळ्या लसूण आणि बोटभर आले घालून सगळे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटावे. कढईत चार मोठे चमचे तेल, आमच्याकडे करडईचे. दोन लवंगा, एक तेजपत्ता, एक बारीक चिरलेला कांदा लाल होईपर्यंत. मग वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. त्यात दोन चमचे लाल तिखट, दोन चमचे धणेपूड, अर्धा चमचा हळद. गरम मसाला चिमूटभरच. जास्त घातला तर छतरी घातली काय आणि वांगे घातले काय, सारखेच. आता छतरी आणि मीठ. पहिली दहा मिनिटे झाकण नको, तिचे स्वतःचे पाणी सुटून आटू द्यावे. ते आटले की कपभर गरम पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आंचेवर आणखी पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. कच्ची-पक्की अजिबात खाऊ नये. वर कोथिंबीर, बरोबर ज्वारीची गरम भाकरी. थोरली शेवटी चिंचेचे कोळ घालते. धाकटीच्या मते चिंचेने छतरीचा वास मरतो. या एका मुद्द्यावर आमच्यात अजून सुलह झालेली नाही.

दुसरा प्रकार बगारा खान्यातला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे खड्या मसाल्याचा बगारा आमच्याकडे जुम्म्याला होतोच. दोन वाट्या तांदूळ असतील तर पाव किलो छतरी आधी आले-लसूण आणि हिरव्या मिरचीत पाणी आटेपर्यंत परतून घ्यावी आणि तांदळाला आधण आले की वरून पसरावी. अम्मींना मात्र दोन्ही प्रकार मंजूर नाहीत. त्यांना तव्यावर मीठ, ठेचलेला लसूण आणि थेंबभर तेलात खरपूस केलेली छतरीच लागते, भाकरीच्या पापुद्र्यात भरून.

छतरी तोडल्या दिवशीच शिजवायची. दुसऱ्या दिवशी ती काळी पडते आणि वास मारते. जो पहिल्यांदा खातो आहे त्याला दोन चमचेच द्यावे आणि एक दिवस जाऊ द्यावा, कारण चांगली अळिंबीही एखाद्याच्या पोटाला सोसत नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना आम्ही देत नाही. दर वेळी दोन छत्र्या न शिजवता कागदात गुंडाळून बाजूला ठेवतो, दुसऱ्या दिवसापर्यंत. काही झालेच तर दवाखान्यात दाखवायला. तशी वेळ आली तर घरगुती इलाज करत बसू नये, मिठाचे पाणी पाजू नये. १०८ ला फोन करावा, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ले त्या सगळ्यांना न्यावे, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही.

‘छतरी म्हणजे मटणाइतकी ताकद’ असेही ऐकू येते. तसे काही नाही. ताज्या अळिंबीत दहातले नऊ भाग पाणीच असते. ती चवीसाठी खावी.

रानातली छतरी मिळत नसेल किंवा भीती वाटत असेल, आणि ती वाटणे चांगलेच, तर धिंगरी अळिंबी घ्यावी. ती सोयाबीनच्या भुसकटावर येते आणि भुसकटाला आपल्या भागात तोटा नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अळिंबी लागवडीची माहिती आणि प्रशिक्षण मिळते. भुसकट भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, पिशव्यांत बियाणे भरून ठेवले की साधारण तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी होते. आमच्या नात्यातल्या एका मुलीने घरामागच्या खोलीत सुरू केले आहे. सालन वरच्याच पद्धतीने होते. चव? थोरली म्हणते सारखीच. धाकटी काही बोलत नाही.

वारुळाचे मात्र दिवस कठीण आहेत. वाळवी शेतकऱ्याची दुश्मन, हे खोटे नाही. कोवळी रोपे, भुईमुगाच्या शेंगा, घराची चौकट, काही सोडत नाही. त्यात बांध रुंद झाला की घरातली तरुण मुले जेसीबी बोलावतात, उरलेल्या बांधावर तणनाशक मारतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरातही हीच चर्चा निघाली. अब्बा आता नाहीत. बोलणी लांबली, आवाज चढले. शेवटी ठरले ते असे की पिकातली वारुळे जातील, बांधावरची दोन राहतील आणि त्यांच्या भोवती दहा पावलांवर काही फवारायचे नाही. मावशींचीही एक अट आहे. उघडून पसरलेल्या छत्र्या तोडायच्या नाहीत, त्यांचे बी उडू द्यायचे. आणि मुळी शोधायला खणायचे ते एकाच छतरीला, बाकीच्या जमिनीलगत कापून घ्यायच्या, म्हणजे खालचे घर उसकटत नाही.

यंदा पहिल्या पावसानंतर बरेच दिवस उघडीप होती. छतरी येते की नाही, अशी शंका होती. मग एका पहाटे फजरच्या सुमारास मावशींनी फाटकातून हाक मारली. धाकटीची मुलगी आता अकरा वर्षांची आहे, ती आधी पळाली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती चिखलात गुडघे टेकून खुरप्याने माती काढत होती आणि मावशी बाजूला उकिडव्या बसून नुसत्या पाहत होत्या. मुळी दीड वीत निघाली. एकूण तेवीस छत्र्या होत्या. आम्ही चौदा घेतल्या, त्यातल्या पाच मावशींच्या ओच्यात.